बोरीला टांगलेला जबडा

मी हाडं बनवतो. असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विषय बदलतो, म्हणून लग्नकार्यात मी "प्लास्टिकचं काम आहे" एवढंच सांगतो. तेही खोटं नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. गाड्यांचे सुटे भाग बरोबर झालेत की नाहीत हे ज्यात बसवून तपासतात, ती गेजं बनवण्यात माझी तीस वर्षं गेली. गेज बनवणारा माणूस खडूस होतो. दिवसभर दुसऱ्याची चूक मोजायची, तीही केसाच्या जाडीत, म्हटल्यावर दुसरं काय होणार. घरी पोळी गोल नसली तर माझ्या लक्षात येतं. मी बोलत नाही, पण बायकोला कळतं.

गिऱ्हाइकाला नमुना लवकर दाखवता यावा म्हणून मी एक थ्रीडी प्रिंटर घेतला. त्यानंतर काही महिन्यांनी जबड्याचे एक सर्जन कारखान्यात आले. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, आणि बूट इतके स्वच्छ की मला आमच्या फरशीची लाज वाटली. त्यांनी बॅगेतून एक सीडी काढली आणि विचारलं, "यातला खालचा जबडा काढून मिळेल का?"

मी म्हणालो, "ड्रॉइंग लागेल."

"ड्रॉइंग यातच आहे. पेशंटचा सीटी स्कॅन आहे."

सीटी स्कॅन म्हणजे माणसाच्या काकडीसारख्या चकत्या, फक्त न कापता काढलेल्या. त्या संगणकावर एकावर एक रचायच्या, हाड तेवढं ठेवायचं, आणि मांस, जीभ, दातात भरलेल्या चांदीची चकाकी हे सगळं पुसून टाकायचं. पुढे प्रिंटर प्लास्टिकची बारीक तार वितळवून थरावर थर चढवत जातो आणि नऊ-दहा तासांनी टेबलावर कुणाचा तरी जबडा तयार असतो. तो डॉक्टरांना हातात हवा असतो. कुठून कापायचं, स्क्रू कुठे धरेल, हे त्यांना आधीच बघून ठेवता येतं. हाडावर बसवायची धातूची पट्टी आदल्या दिवशी त्या मॉडेलवर धरून वाकवून ठेवता येते. नाहीतर पेशंट भूल देऊन टेबलावर पडलेला असताना हातात पक्कड घेऊन ती वाकवत बसावं लागतं. हे ऐकल्यावर मला त्या डॉक्टरांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. काम फिटरचंच होतं.

पहिली दीडेक वर्षं सगळं सुरळीत चाललं. मी बरेच जबडे काढले, दोन कवट्या काढल्या, एकदा डोळ्याची खोबण काढली. माणसाचं कुठलंच हाड दोन्ही बाजूंना सारखं नसतं, हे कळल्यावर मला आधी रागच आला. इतका फरक असलेला माल आमच्याकडे कुणी पास केला नसता.

मग एका मे महिन्यात डॉक्टरांकडे बागलाणातल्या नामपूरचे गृहस्थ आले. चाळिशीतला माणूस, तिथल्या कांदा मार्केटात लिलाव पुकारायचं काम. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, आणि मधे हा माणूस प्रत्येक बोली खणखणीत आवाजात पुन्हा म्हणून दाखवतो. आवाज गेला की काम गेलं. त्यांच्या डाव्या जबड्यात गाठ होती. कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पण हाड आतून पोखरणारी आणि बाहेरून फुगवणारी. चार बोटांएवढा भाग कापून काढायचा, तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा ठेवायचा आणि सगळं एका टायटॅनियमच्या पट्टीने धरायचं, असं ठरलं होतं. पट्टी बरोबर वाकली तर वरचे-खालचे दात जुळणार आणि शब्द नीट फुटणार. चुकली तर माणूस जगेल, जेवेलही, पण पुकारणार नाही. डॉक्टरांनी अर्धा तास सगळे धोके समजावून सांगितले. त्यावर त्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला होता, "पुकारता येई का?"

डॉक्टर म्हणाले होते, "प्रयत्न करू." हे डॉक्टरांनीच मला सांगितलं, जरा ओशाळून.

जबडा तयार झाला. तो दवाखान्यात नेऊन द्यायला मला अर्धा तास पुरला असता. पण आपल्याकडे पेशंट आपले फोटो आपणच सांभाळतो. एक्स-रे, रिपोर्ट, सीडी, सगळं एका पिशवीत घालून तो दवाखान्यामागून दवाखाना फिरतो आणि डॉक्टरांनी मागितलं की काढून देतो. त्याच रीतीने जबडाही पेशंटने घरी न्यायचा आणि ॲडमिट होताना सोबत आणायचा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. घरच्यांना बघता येईल, धीर येईल, असाही त्यांचा हिशेब होता. कापायची जागा दाखवणारा छोटा साचा, ज्याला गाइड म्हणतात, तो मात्र मी वेगळ्या चिवट प्लास्टिकमध्ये काढून थेट दवाखान्यात पोचवला. तो ऑपरेशनमध्ये हाडावर बसतो, त्यामुळे वाफेत निर्जंतुक करावा लागतो. मॉडेलला तसलं काही लागत नाही. ते मी नेहमीच्या, मक्यापासून बनणाऱ्या स्वस्त प्लास्टिकमध्ये काढलं होतं.

बुधवारी नवरा-बायको एसटीने माझ्या कारखान्यात आले. नवऱ्याच्या डाव्या गालावर लिंबाएवढा उंचवटा होता. मी जबडा टेबलावर ठेवला. ते बराच वेळ बघत उभे राहिले.

"हाऊ मना शे?"

"तुमचाच."

"दात बी शेतस," ते म्हणाले. मग जिभेने आपले दात एकेक चाचपत त्यांनी मॉडेलवरचे दात बोटाने मोजले. उजवीकडची एक दाढ नव्हती, ती मॉडेलवरही नव्हती. त्यांनी मान हलवली. माल तपासून घेणारं गिऱ्हाईक मला आवडतं, म्हणून मी चहा मागवला.

बायकोने मॉडेलला हात लावला नाही. साधारण पस्तिशीची, काटक बाई. एखादा रिकामा डबा आहे का, एवढंच तिने विचारलं. आमच्याकडे बेअरिंग ठेवायचा स्टीलचा झाकणाचा डबा होता, तो मी पुसून दिला. तिने जबडा नवऱ्यालाच डब्यात ठेवायला लावला. जेवणाची पिशवी तिच्या खांद्याला होती, तिच्यात तिने तो डबा घातला नाही. वेगळ्या फडक्यात बांधून हातात धरला. मला वाटलं, बाई काळजीवाहू आहे. मी त्यांना एकच सूचना दिली, ती म्हणजे "पाडू नका." ती त्यांनी तंतोतंत पाळली.

सोमवारी ते ॲडमिट झाले. ऑपरेशन बुधवारी होतं. सोमवारीच दुपारी डॉक्टरांचा फोन आला.

"तुमचं गाइड बसत नाहीये."

"माझं गाइड बसतं," मी म्हणालो.

"मॉडेलवर ठेवलं की डुगडुगतं."

"मग मॉडेल माझं नाही."

"जबडा ह्या पेशंटचा आहे, एवढं मला ओळखता येतं," डॉक्टर म्हणाले. मी बारीक मोजमापाचा व्हर्निअर घेतला आणि निघालो. रस्ताभर मी मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत होतो आणि जिंकत होतो.

दवाखान्यात टेबलावर तो जबडा ठेवलेला होता. लांबून ठीक दिसत होता. मी मोजला. जबड्याची दोन टोकं कानाजवळ सांध्यात बसतात, त्यांच्यातलं अंतर माझ्या वहीत लिहिलेलं होतं. ते सात मिलिमीटरने कमी भरलं. मी पुन्हा मोजलं. सात मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्यात चूकसुद्धा नव्हे, तो दुसराच भाग झाला. माझा पहिला संशय मशीनवर गेला, आणि मशीन माझं होतं. मग मी जबडा खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केला. डावीकडचा फुगवटा चपटा झाला होता, आणि त्यावर अंगठ्याचा खोलगट ठसा होता. प्रिंटर अनेक प्रकारे चुकतो, पण त्याला अंगठा नसतो.

डॉक्टरांनी पेशंटच्या बायकोला बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली. डॉक्टर जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे घरी कुठे ठेवलं होतं?"

"घरमा नाही ठेवलं," ती म्हणाली. "जित्ता माणूसनं हाड घरमा कसं आणू? बोरीले टांगं. चार दिन."

ती पुढे जे बोलली त्यावरून कळलं ते असं. शेतात कांदा साठवायच्या चाळीच्या मागे बांधावर बोर आहे. माणूस गेला की त्याच्या अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात. इथे माणूस जिवंत होता, म्हणून तर तिला जास्त भीती वाटली. त्याचं हाड घरात आणलं तर घराने त्याला गेलेल्यांत धरलं असतं. उघड्यावर टाकवेना, कुत्री होती. म्हणून डबा बोरीला टांगला. मे महिन्यात बोरीला पान नसतं. बागलाणचं ऊन, स्टीलचा डबा, वर घट्ट झाकण, आणि आत मक्याचं प्लास्टिक.

"मंग वाकडं व्हई गयं," ती म्हणाली.

"ते उन्हाने झालं," मी म्हणालो. "पण हा ठसा कसला?"

ती जमिनीकडे बघत होती. "मंग गरम पानीमा धरं. ठिबकनी नळी धरतस ना, तसं. नरम व्हई गयं. आनि दाबं."

ठिबकची नळी जोडावर चढत नसली की तिचं टोक गरम पाण्यात धरतात. मऊ पडली की दाबून बसवतात. बागलाणात हे लहान पोरालाही येतं. तिने नवऱ्याचा जबडा त्याच पद्धतीने दुरुस्त केला होता.

मी तिच्यावर ओरडलो. हे लपवण्यात अर्थ नाही. ह्या जबड्यावर उद्या पट्टी वाकवली असती तर काय झालं असतं ते मी तिला ऐकवलं, दात जुळले नसते, तोंड मिटलं नसतं, सगळं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "मी पहिलेसारखं करी ऱ्हायंथी. पहिले त्यास्ना गाल असा नव्हता."

 मी वडिलांच्या अस्थींचं मडकं अमरधामबाहेरच्या झाडाला स्वतःच्या हाताने बांधलं होतं, आणि ते घरी का नेत नाहीत असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. ह्या बाईच्या हातात मी तिच्या नवऱ्याचं हाड दिलं आणि सूचना दिली ती पाडू नका एवढीच. उन्हाबद्दल बोललो नाही. जे प्लास्टिक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तरी लोळागोळा होतं, ते बागलाणला पाठवलं, का तर स्वस्त आणि हाताशी होतं. मी म्हणालो, "चूक माझी आहे." हे वाक्य माझ्या तोंडून फार वेळा निघालेलं नाही, त्यामुळे आवाज जरा चिरकला. ती वॉर्डात निघून गेली.

डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत दुसरं निघेल?"

"निघेल. पण मला एक सांगा. हा फुगवटा तर गाठीचा आहे. तो कापूनच टाकणार आहात. मग पट्टी फुगवट्यावर कशी वाकवणार होतात?"

"फुगवटा घासून काढणार होतो मॉडेलवरून."

"किती?"

"अंदाजाने," डॉक्टर म्हणाले.

मी अंगठ्याच्या ठशाकडे बघितलं. बाईनेही अंदाजानेच दाबलं होतं, आणि तिचा अंदाज निदान पंधरा वर्षांच्या ओळखीतून आलेला होता. मी डॉक्टरांना म्हणालो की आम्ही गाडीचा डावा भाग आणि उजवा भाग वेगवेगळा काढत नाही. एक काढायचा आणि आरशात धरल्यासारखा उलटवायचा. ह्यांची उजवी बाजू धडधाकट आहे. ती उलटवून डावीकडे लावतो, गाठीच्या जागी.

"मोठ्या हॉस्पिटलांत करतात तसं," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे जमेल की नाही, म्हणून मी विचारलं नव्हतं."

"मी तीस वर्षं हेच करतोय," मी म्हणालो.

संध्याकाळी मी संगणकावर बसलो. दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात हे मला माहीत होतं, त्यामुळे जोड जिथे येतो तिथे हाताने घासूनपुसून जुळवावं लागलं. मंगळवारी सकाळी प्रिंटर सुरू केला, या वेळी उष्णता सोसणारी तार घालून. दहाच्या सुमारास ती बाई कारखान्याच्या दारात उभी होती. पत्ता विचारत विचारत रिक्षाने आली होती. मला वाटलं, कालच्या ओरडण्याचा जाब विचारायला आली. पण तिला फक्त खात्री करायची होती की हे नवं तिच्याकडे देणार नाहीत.

"नाही देणार," मी म्हणालो. "मी स्वतः नेणार आहे."

ती स्टुलावर बसली आणि मशीनकडे बघत राहिली. दुपारी आमचे लोक जेवले, तिने तिची भाकरी खाल्ली. मशीन इकडून तिकडे सरकत होतं. तीनच्या सुमारास हनुवटीपासून कानापर्यंतचा आकार दिसायला लागला. ती उठून जवळ आली, वाकून बघितलं. डावीकडे उंचवटा नव्हता. गालाची रेघ सरळ होती.

"हाऊ कुणाचा?"

"त्यांचाच. डावीकडे उजवी बाजू लावली आहे."

तिने आणखी थोडा वेळ बघितलं. "हाऊ त लगीनना टाईमना शे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला हात लावला. प्लास्टिक अजून कोमट होतं. चालू मशीनमध्ये हात घालू नये अशी आमच्याकडे पाटी आहे. मी तिला अडवलं नाही.

बुधवारी ऑपरेशन सात तास चाललं. मी तिथे असायची काही गरज नव्हती. गेज दिल्यावर गिऱ्हाइकाच्या कारखान्यात कुणी बसून राहत नाही. पण मी बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी बसलो. आमचं बोलणं झालं ते कांद्याच्या साठवणीवर, आणि तेही फार नाही. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पट्टी बसली." मग तिच्याकडे वळून सगळं नीट समजावून सांगितलं. मी तोवर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दात जुळले. गाल सरळ झाला. पण जो तुकडा काढला त्याच्या आतून एक शीर जाते, ती ओठाची संवेदना नेणारी, ती तुकड्याबरोबर गेली. हे आधी सांगितलेलं होतं आणि कागदावर सहीही होती. खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, यातलं थोडं कदाचित परत येईल, सगळं येणार नाही. दीड महिना ते गृहस्थ पातळ आहारावर होते. तपासणीला येत तेव्हा माझ्याकडेही डोकावून जात. मान हलवत, पाटीवर लिहीत, पुढे पुढे बोलत. प आणि ब म्हणताना ओठ नीट मिटत नसे आणि शब्दाची कड फाटल्यासारखी व्हायची. मी त्यांना कधी पुकारण्याबद्दल विचारलं नाही. मोजून काय निघेल याची मला भीती वाटत होती, आणि माझ्यासारख्या माणसाला ही भीती वाटावी याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

दसऱ्यानंतर मी नामपूरला गेलो. सटाण्याला गिऱ्हाइकाकडे काम आहे असं घरी सांगितलं. सटाण्यात माझं एकही गिऱ्हाईक नाही. मार्केटात ट्रॉल्या लागलेल्या होत्या, धूळ होती, आणि घोळक्याच्या मधोमध तो माणूस पुकारत होता. आवाज पूर्वी कसा होता मला माहीत नाही. आता तो मोठा होता, पण पंधराशेतला प आणि बावीसशेतला ब पुसट होता, आणि प्रत्येक आकडा ते दोनदा म्हणत. मी लांबूनच उभा राहिलो.

तिसऱ्या ट्रॉलीवर बोली चढत होती. दोन व्यापारी अडून बसले होते, पन्नास-पन्नासने वाढवत. तेवढ्यात पुकारणाऱ्या गृहस्थांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ आली आणि हनुवटीवर उतरली. त्यांना ते कळलं नाही, कळण्याची सोयच राहिली नव्हती. ते पुढचा आकडा म्हणायला गेले. अडून बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने बोली न देता आपल्या स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. शेजारच्यानेही लावलं. मग घोळक्यातल्या आणखी तिघाचौघांनी, जसं काही सगळ्यांच्याच हनुवटीला काही लागलं होतं. पुकारणाऱ्या गृहस्थांनी ते बघितलं, खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं. ह्या बाजारात एका श्वासाचीही उसंत कुणी कुणाला देत नाही. तेवढा वेळ कुणीही बोली लावली नाही, कुणी हसलं नाही, कुणी दुसरीकडे बघितलंही नाही. रोजचीच रीत असावी, इतकं ते सहज होतं. मला रडू आलं, आणि धुळीचं निमित्त असल्यामुळे मी ते येऊ दिलं.

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, आणि ज्या आकड्यावर थांबले होते तो आकडा पुन्हा दोनदा म्हणून लिलाव पुढे सुरू केला.